समन्वयाची तालीम कोराडीतच का नको?

९ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबा मंदिराच्या परिसरात, काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराचा स्लॅब कोसळला आणि पंधरावर मजूर जखमी झाले. पोलीस आले, अग्निशमन दल आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे (एनडीआरएफ) पथक आले, महसूल खात्याचे अधिकारी आले; बांधकाम ज्यांच्याकडे होते ते नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणही आले. नागपूर शहर जवळ, रस्ता चांगला आणि घटनेचा आवाका एका प्रवेशद्वारापुरता. त्यामुळे मदत लवकर पोहोचली. पण अशा प्रत्येक घटनेत दोन निरनिराळी कामे एकाच वेळी सुरू होतात. एक डोळ्यांना दिसते: काँक्रीट कापणे, श्वान फिरवणे, जखमींना स्ट्रेचरवर घेणे. दुसरे दिसत नाही. आत नेमके किती मजूर होते, त्यांची यादी कोणाकडे आहे, कोणता जखमी कोणत्या रुग्णालयात गेला, नातेवाइकांना कोणी सांगायचे, बघ्यांना किती अंतरावर थोपवायचे आणि आता ढिगाऱ्याखाली कोणी उरलेले नाही हे कोणाच्या सहीने जाहीर करायचे, हे सगळे त्या दुसऱ्या कामात येते.

पहिले काम शिकवणाऱ्या संस्था नागपुरात जितक्या आहेत तितक्या देशातल्या फार थोड्या शहरांत असतील. १९५७ साली येथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था निघाली; १९६८ मध्ये तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय रामपूरला सुरू होऊन लवकरच नागपुरात आले आणि देशभरातले अग्निशमन अधिकारी तेव्हापासून इथेच घडतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपुरात आहे, दुसरी धुळ्यात. आणि २०१८ पासून एनडीआरएफची अकादमी नागपुरात आहे. तिच्या कायमच्या संकुलासाठी ठरलेली जागा कोराडीला लागून असलेल्या सुरादेवी शिवारातली. म्हणजे देशाच्या आपत्ती प्रतिसाद दलाची शाळा कोराडीच्या वेशीवर येते आहे.

दुसऱ्या कामाचे, म्हणजे अनेक यंत्रणांना एकत्र चालवण्याचे प्रशिक्षण मात्र ज्यांना ते प्रत्यक्ष करावे लागते त्यांच्यापर्यंत जेमतेम पोहोचते. तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, ठाणेदार, वीज केंद्राचा सुरक्षा अधिकारी, देवस्थानचा व्यवस्थापक, पोलीस पाटील ही ती माणसे. एनडीआरएफचा जवान वर्षभर सराव करतो. तहसीलदाराच्या वाट्याला दोन-तीन दिवसांची कार्यशाळा येते, तीही बदलीच्या आदल्या वर्षी आली तर तिचा उपयोग दुसऱ्याच तालुक्याला.

या दुसऱ्या कामाचे शास्त्र कसे जन्मले ते पाहण्यासारखे आहे. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात वणव्यांनी दोन आठवडे थैमान घातले. माणसे मेली, शेकडो घरे जळाली. नंतर झालेल्या चौकशीत बंब किंवा माणसे कमी पडल्याचे फारसे आढळले नाही. आढळले ते असे की एकाच प्रमुखाला डझनावारी माणसे येऊन विचारत होती, प्रत्येक दलाची भाषा निराळी होती, बिनतारी संच एकमेकांशी बोलत नव्हते आणि कोणाचा आदेश अंतिम हे ठरलेले नव्हते. त्यातून जी पद्धत घडली ती पुढे अनेक देशांनी घेतली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये तिचीच भारतीय आवृत्ती ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ या नावाने मार्गदर्शिका म्हणून काढली.

तिचा गाभा अवघड नाही. जिल्ह्यात जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी. प्रत्यक्ष घटनेवर एक इन्सिडेंट कमांडर. त्याच्या हाताखाली तीन विभाग: प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि साधनपुरवठा. कारवाई विभागाचा प्रमुख घटनेप्रमाणे बदलतो. आग असेल तर अग्निशमन अधिकारी, साथ असेल तर आरोग्य अधिकारी, दंगल असेल तर पोलीस. एका माणसाने साधारण पाच जणांकडूनच अहवाल घ्यायचा, सातापलीकडे जायचे नाही. प्रत्येकाचा वरिष्ठ एकच. बाहेरून आलेली वाहने आणि पथके थेट घटनास्थळी घुसणार नाहीत. आधी ठरलेल्या जागी थांबतील, नोंद करतील, मग बोलावणे आले की पुढे जातील. कागदावर हे वाचताना त्यात न समजण्यासारखे काही नाही. रात्री दोन वाजता, पालकमंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा घटनास्थळी येऊन उभा असताना, तो थांबा पाळायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

महाराष्ट्राने हा धडा फार महाग दराने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सात-आठ हजारांहून अधिक माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. पहिल्या काही तासांत बहुतेकांना बाहेर काढले ते शेजाऱ्यांनी. त्यानंतर सैन्य आले, राज्य राखीव पोलीस दल आले, राज्यभरातून स्वयंसेवी संस्था आल्या. आणि त्यांच्यामागून मदत आणणारेही आले, पाहायला येणारेही आले. अरुंद रस्त्यांवरून एकाच वेळी रुग्णवाहिका, कपड्यांचे ट्रक आणि बघ्यांच्या जीपगाड्या जाऊ लागल्या की काय होते ते त्या भागातल्या जुन्या माणसांना विचारावे. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनातून ५२ गावे नव्या जागी उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्ष ही कल्पना महाराष्ट्रात रुजली तीही त्यातूनच. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, २००५ मध्ये आला. त्या अर्थाने आपण पुढे होतो.

पण आराखडा असणे आणि तो चालवता येणे यांतले अंतर पुढे वारंवार दिसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुराने वेढलेली माणसे वाट पाहून थकली आणि गावातल्याच होडीत बसली. होडी उलटली, सतराजण बुडाले. त्याच आठवड्यात सांगली-कोल्हापुरात एनडीआरएफ, सैन्य, नौदल यांची पथके काम करत होती. बोट कोणत्या गावाला आधी द्यायची हा निर्णय नकाशा, लोकसंख्या आणि ताजी माहिती यांच्या आधारे कोणीतरी एकाने बसून घ्यायचा असतो. तो घेतला गेला नाही की बोटी असूनही गावे राहतात. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तर यंत्रे वर चढवताच येत नव्हती. अंधारात, पावसात पायी जायचे होते. तिथे डोंगर ओळखणारे स्थानिक गिर्यारोहक आणि ट्रेकर उपयोगी पडले. अशा लोकांना आधीपासून यादीत धरणे, त्यांचे मोबाइल क्रमांक नियंत्रण कक्षात असणे, त्यांनी कोणाच्या सूचनेने काम करायचे हे ठरलेले असणे, ही समन्वयाचीच कामे.

आता कोराडीकडे पाहू. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच येथे चालतात, जुना २१० मेगावॉटचा एक संच आहे, आणि आणखी दोन संच प्रस्तावित आहेत. अशा केंद्रात जनित्र थंड ठेवायला हायड्रोजन लागतो, पाण्यावरच्या प्रक्रियेला क्लोरीन लागतो, तेलाच्या टाक्या असतात. आणि राख असते, रोज, टनावारी. १६ जुलै २०२२ रोजी जोरदार पावसात या केंद्राच्या खसाळ्याच्या राख बंधाऱ्याला भगदाड पडले. राखेचा चिखल शेतांत आणि वस्त्यांत शिरला, कोलार नदीत उतरला, तिथून कन्हानमध्ये गेला. आणि कन्हानवर अवलंबून असलेल्या नागपूरच्या पाणीपुरवठ्याला झळ बसली.

या एका घटनेत किती खाती गुंतली ते मोजून पाहावे. बंधारा महानिर्मितीचा. नदीच्या पातळीची माहिती जलसंपदा खात्याकडे. पाण्याचा दर्जा तपासायचा प्रदूषण नियंत्रण मंडळाने. पंप बंद करायचा की नाही हे महापालिकेने ठरवायचे. पिकांचे पंचनामे कृषी आणि महसूल खात्याने करायचे, जनावरांचे पशुसंवर्धन खात्याने पाहायचे, वस्तीतल्या लोकांची सोय ग्रामपंचायत आणि पंचायत समितीने. प्रत्येक खाते आपापले काम चोख करील असे धरले, तरी बंधारा फुटल्याची बातमी पंपघरापर्यंत किती मिनिटांत पोहोचायला हवी आणि ती कोणी द्यायची हे कोणत्याच एका खात्याच्या कामात बसत नाही. ते खात्यांच्या मधल्या फटीत पडते.

त्यात आता एक नवी गुंतागुंत आहे. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली आणि महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. शहरांपुरती ही सुधारणा योग्यच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने वस्त्या बुडवल्या, मूक-बधिर विद्यालयातल्या मुलांना पथकांनी बाहेर काढले, कामठीहून सैन्याला बोलवावे लागले. त्यानंतर तलावाचा सांडवा आणि त्याभोवतालची बांधकामे कोणाच्या जबाबदारीत येतात हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. शहराला एक धनी असणे गरजेचे होतेच. पण कोराडी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. राख बाहेरून येणार, पाणी शहराचे बिघडणार, आणि आयुक्त एका प्राधिकरणाचे अध्यक्ष तर जिल्हाधिकारी दुसऱ्याचे. पाण्याला हद्द कळत नाही, म्हणून हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र बसून सराव करण्याची गरज या दुरुस्तीने कमी न होता वाढली आहे.

गर्दीचे गणितही याच गावात आहे. नवरात्रात कोराडीला लाखो भाविक येतात आणि मंदिरात हजारो अखंड ज्योती तेवतात. नवमी संपते न संपते तोच विजयादशमी येते. त्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जनसागर आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा मेळावा. म्हणजे वर्षातल्या ज्या काळात कोराडीत माणसे सर्वाधिक, त्याच काळात जिल्ह्यातले पोलीस, रुग्णवाहिका आणि बंब सर्वाधिक विखुरलेले. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीला अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत आणि आगीत गेले, तेव्हा यात्रा नवी नव्हती, वाट अरुंद आहे हेही सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट कोणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेली नसली की तिचा उपयोग होत नाही.

सराव होतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर केलेल्या १९८९ च्या नियमांनुसार घातक रसायने ठराविक प्रमाणाहून जास्त साठवणाऱ्या कारखान्यांनी दर सहा महिन्यांनी आवारात आणि जिल्हा प्रशासनाने वर्षातून एकदा आवाराबाहेर रंगीत तालीम घ्यायची असते. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक संकट गट नेमले; त्यांच्या नियमित बैठका व्हायच्या असतात. पण या तालमी आपण पाहिल्या आहेत. तारीख आधी कळवलेली, वेळ सकाळी अकराची, जखमी म्हणून झोपायला निवडलेले चार तरुण, भोंगा, बंब, टाळ्या, छायाचित्र, आणि अर्ध्या-पाऊण तासात सर्व काही यशस्वी. (चहाची व्यवस्था मात्र कधी चुकत नाही.) चूक होईल अशी तालीम कोणी आखतच नाही, कारण चूक झाली तर वरच्याला उत्तर द्यावे लागते. मग तालीम घ्यायची कशासाठी?

समन्वयाचा खरा सराव टेबलाभोवती होतो आणि तो अस्वस्थ करणारा असतो. कल्पना करा: अष्टमीची रात्र, नऊ वाजलेत. परतीचा पाऊस. दर्शनाची रांग सावनेर रस्त्यापर्यंत. ज्योतींच्या मंडपात धूर दिसल्याचा निरोप येतो आणि दहा मिनिटांनी राख बंधाऱ्यावरचा पहारेकरी पाणी झिरपत असल्याचे कळवतो. टेबलाभोवती बसलेल्या बारा-पंधरा जणांना एकेक चिठ्ठी मिळत जाते. रांग थांबवायचा अधिकार देवस्थानचा की ठाणेदाराचा? थांबवली तर माणसे कुठे न्यायची? रुग्णवाहिका ज्या रस्त्याने यायची त्याच रस्त्याने भाविक परतताहेत, मग एक बाजू कोण मोकळी करणार? सुरादेवी-खसाळ्याच्या पोलीस पाटलांना फोन कोणी करायचा, आणि मोबाइल टॉवर गर्दीने कोलमडला असेल तर कसा? कन्हानच्या पंपघराला काय कळवायचे आणि खात्री नसताना कळवायचे का? वृत्तवाहिनीचा प्रतिनिधी दारात उभा आहे, त्याच्याशी एकच माणूस बोलणार, तो कोण? वीस मिनिटांत कळते की ठाणेदाराकडे असलेला सुरक्षा अधिकाऱ्याचा क्रमांक आधीच्या अधिकाऱ्याचा आहे. या शोधात कोणाची मान खाली जायला नको. तो शोध लागावा म्हणूनच तर टेबल मांडायचे.

पुढे मदतकार्याचा टप्पा येतो आणि तिथे आपले प्रशिक्षण आणखी पातळ होते. निवारा म्हणून शाळा उघडली की आपल्याला काम झाले असे वाटते. जगभरच्या मदतसंस्थांनी मान्य केलेल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि राहण्यासाठी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी. खसाळ्याच्या शाळेत या हिशेबाने किती कुटुंबे मावतील हे आधी काढून ठेवायला कोणता खर्च लागतो? बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, डायलिसिसवर असलेला रुग्ण, भोंगा ऐकू न येणारी मुले यांची वस्तीवार नोंद आशा सेविकेच्या वहीत बऱ्याच अंशी असते. ती वही नियोजन विभागाच्या टेबलावर येत नाही, कारण आशा सेविकेला त्या टेबलावर कोणी बोलावत नाही.

इथे एक रास्त आक्षेप आहे. कमांडची पद्धत गणवेशधारी दलांना शोभते. स्वयंसेवी संस्था, गुरुद्वाराचे लंगर, गणेश मंडळाची पोरे, औषध विक्रेत्यांची संघटना हे काही कोणाच्या हुकमाखाली येत नाहीत. बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून आरोग्य, पाणी, निवारा असे गट करून संस्थांना एकत्र बसवायला सुरुवात केली ती याचसाठी. पण २०१० च्या हैती भूकंपात त्या बैठकांत स्थानिक संस्थांना जागाच उरली नाही, कारण बैठका इंग्रजीत होत होत्या आणि स्थानिकांची भाषा दुसरी होती. आपल्या मार्गदर्शिकेतले नमुने इंग्रजीत आहेत. पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि देवस्थानचा स्वयंसेवक भरू शकेल असा एका पानाचा मराठी नमुना जिल्ह्याने करावा. हुकूम पथकांना द्यावा. बाकीच्यांना रोज ठराविक वेळी एका बैठकीत काय हवे, काय नको हे सांगावे. दोन्ही जमणारा अधिकारी हवा आणि तो आपोआप तयार होत नाही.

प्रशासनातली खरी अडचण बदल्यांची आहे. २००५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे अधिकारी एका पदावर साधारण तीन वर्षे राहतो, प्रत्यक्षात अनेकदा कमी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद तर अनेक जिल्ह्यांत वर्षानुवर्षे कंत्राटावर चालत आले. जो माणूस सर्व खात्यांना एकत्र बांधायचा, त्याचीच नोकरी सर्वांत सैल. प्रशिक्षण माणसाला दिले तर ते त्याच्याबरोबर जाते. म्हणून ते पदाला चिकटवावे लागेल: कामठी, सावनेर, नागपूर ग्रामीण अशा धोक्याच्या तालुक्यांत रुजू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत हे प्रशिक्षण पूर्ण करणे सक्तीचे, आणि ते खातेनिहाय न देता एकाच खोलीत सर्व खात्यांना मिळून. तहसीलदाराने ठाणेदाराला आणि ठाणेदाराने वीज केंद्राच्या सुरक्षा अधिकाऱ्याला प्रशिक्षणात एकदा चुकताना पाहिलेले असले, तर प्रसंगी ते एकमेकांना निःसंकोच फोन करतात. हा फायदा पाठ्यक्रमात लिहिलेला नसतो.

एनडीआरएफच्या अकादमीचे काम प्रामुख्याने आपल्या दलाला आणि राज्यांच्या दलांना घडवण्याचे आहे आणि ते तिने करावेच. पण तिच्या वेशीवर मंदिर, वीज केंद्र, राख बंधारा, नदी आणि महानगर अशी देशातल्या कोणत्याही प्रशिक्षकाला हेवा वाटावा अशी परिस्थिती पसरलेली आहे. अकादमी, अग्निशमन महाविद्यालय, पुण्याची ‘यशदा’ ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून कोराडीचाच अभ्यासक्रम का करू नये? जवानांना खऱ्या गावाचा नकाशा मिळेल, आणि गावाला येणाऱ्या संकटाच्या आधी येणारे प्रशिक्षक.

जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांनी पुढच्या नवरात्रापूर्वी महानिर्मिती, देवस्थान, महानगर प्राधिकरण, पोलीस, आरोग्य, जलसंपदा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना एका टेबलाभोवती बोलवावे. तालीम वेळ न कळवता घ्यावी, आणि तीत काय चुकले त्याचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.